टेस्टचा निकाल वाचणार कोण?

सॉफ्टवेअर लिहिणारे लोक स्वतःच्या कोडची तपासणी करायला आणखी कोड लिहितात. त्याला ऑटोमेटेड टेस्ट म्हणतात. एका टेस्टचं काम साधं असतं. प्रोग्रामला ठरावीक इनपुट द्यायचं, उत्तर बघायचं आणि ते अपेक्षेशी जुळलं की नाही ते सांगायचं. मध्यम आकाराच्या प्रकल्पात अशा काही हजार टेस्ट असतात आणि कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर त्या आपोआप चालतात. म्हणजे दिवसातून कित्येकदा हजारो निकाल तयार होतात आणि त्यातले जवळपास सगळे 'पास' असतात. वाचण्यासारखे असतात ते उरलेले दोन-तीन.

टेस्ट कशा लिहाव्यात यावर भरपूर लिहिलं-बोललं जातं. त्यांचा निकाल कसा दिसावा याचा विचार फारसा होत नाही. टूल जे छापेल ते चालवून घेतलं जातं. मग रिलीजच्या आदल्या संध्याकाळी बिल्ड (कोड बांधून तपासायची फेरी) फेल होतो, हजारो ओळींचा लॉग, म्हणजे त्या फेरीत छापलेला सगळा मजकूर, उघडतो आणि टीममधले चार जण त्यात 'एरर' हा शब्द शोधत बसतात. तो शेकडो ठिकाणी सापडतो, कारण 'एरर हँडलर सुरू झाला' असल्या निरुपद्रवी ओळीही त्याच लॉगमध्ये असतात.

सगळ्यांना पुरेल असा एकच चांगला फॉरमॅट नसतो, कारण निकाल वाचणारे वेगवेगळे असतात. एक वाचक म्हणजे टेस्ट चालवणारा डेव्हलपर. तो टर्मिनलसमोर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीसमोर) बसलेला असतो, पाच मिनिटांपूर्वी काय बदललं ते त्याच्या डोक्यात ताजं असतं आणि त्याला उत्तर लगेच हवं असतं. दुसरा वाचक माणूसच नसतो. जेनकिन्स, गिटलॅब, गिटहब ॲक्शन्स अशा यंत्रणा (त्यांना सरसकट सीआय म्हणतात) टेस्ट चालवतात, निकाल साठवतात आणि कोड पुढे जाऊ द्यायचा की नाही ते ठरवतात. त्यांना रंग, सजावट काही नको असतं. टेस्टचं नाव, निकाल आणि लागलेला वेळ दरवेळी ठरलेल्या जागी मिळाला की झालं. तिसऱ्या वाचकाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. ती दुसऱ्या टीममधली व्यक्ती असते, तिने हा कोड कधी पाहिलेला नसतो, आणि दोन महिन्यांनी ती टेस्ट तिच्याच बदलामुळे फेल झालेली असते. तिच्या हातात निकालाशिवाय काहीच नसतं.

यंत्रासाठीचा सगळ्यात छोटा निकाल म्हणजे एक आकडा. कुठलाही प्रोग्राम संपताना ऑपरेटिंग सिस्टिमला एक्झिट कोड देतो. शून्य म्हणजे ठीक, इतर काहीही म्हणजे गडबड. सीआय मुळात एवढंच बघतं. पायथॉनचं पायटेस्ट हे टूल यात एक शहाणपणा करतं. सगळ्या टेस्ट पास झाल्या तर ०, काही फेल झाल्या तर १, आणि एकही टेस्ट सापडलीच नाही तर ५. हा ५ महत्त्वाचा आहे. कुणी टेस्टच्या फोल्डरचं नाव बदललं, टूलला टेस्ट सापडेनाशा झाल्या आणि शून्य टेस्टपैकी शून्य फेल म्हणून हिरवी खूण मिळत राहिली, तर ते आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

टिंबं की वाक्यं

टर्मिनलवर निकाल दाखवायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिली टिंबांची. पायटेस्ट एरवी प्रत्येक पास टेस्टसाठी एक टिंब छापतं, फेलसाठी 'एफ', टेस्टची पूर्वतयारीच कोसळली तर 'ई', वगळलेल्या टेस्टसाठी 'एस'. हजार टेस्ट दहा-पंधरा ओळींत मावतात. दुसरी पद्धत वाक्यांची. प्रत्येक टेस्टचं नाव वेगळ्या ओळीवर, पुढे बरोबरची खूण, आणि विषयानुसार आत सरकवलेली मांडणी. जावास्क्रिप्टच्या जगातलं मोका हे टूल मुळातच असं छापतं. रूबीच्या आरस्पेकमध्ये दोन्ही सोयी आहेत. तिथे वाक्यांच्या पद्धतीचं नावच 'डॉक्युमेंटेशन' आहे.

मोकामध्ये गंमत म्हणून एक मांजरही आहे. 'न्यान' हा फॉरमॅट निवडला की टेस्ट चालू असताना एक मांजर मागे इंद्रधनुष्य सोडत स्क्रीनवर पळतं आणि एखादी टेस्ट फेल झाली की त्याचा चेहरा बदलतो. माहितीच्या दृष्टीने बघितलं तर टिंबांच्या पद्धतीत आणि या मांजरात फारसा फरक नाही.

वाक्यांची पद्धत डेमोमध्ये छान दिसते. प्रोग्राम काय काय करतो याची यादीच समोर येते. पण टेस्ट दोन-तीनशेच्या पुढे गेल्या की ती यादी कुणी वाचत नाही आणि फेल झालेली टेस्ट वर कुठेतरी निघून जाते. त्यामुळे पद्धत कोणतीही घ्या, फेल झालेल्यांची यादी शेवटी पुन्हा यायलाच हवी. टर्मिनलवर नजर पडते ती शेवटच्या दहा ओळींवर. पायटेस्ट शेवटी छोटा सारांश छापतं, आणि 'आरए' हा पर्याय दिला तर वगळलेल्या टेस्ट का वगळल्या तेही सांगतं. प्लेराइट या ब्राउझर-टेस्टच्या टूलने तर दोन्ही पद्धतींची वाटणीच करून टाकली आहे. तुमच्या मशीनवर वाक्यांची यादी, सीआयवर टिंबं.

सीआयवर बडबड कमी ठेवायला आणखी एक कारण आहे. लॉगला मर्यादा असते. गिटलॅबचा रनर (टेस्ट प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) मूळ सेटिंगमध्ये एका जॉबचा, म्हणजे एका कामाचा, सुमारे ४ एमबी लॉग ठेवतो, पुढचा कापून टाकतो. कापलं जातं ते शेपूट, आणि सारांश असतो नेमका शेपटात. म्हणजे 'सगळं दिसू दे, अडचण आली तर उपयोगी पडेल' म्हणून वाढवलेला तपशील अडचणीच्या दिवशीच उपयोगाची ओळ खाऊन टाकतो.

यावर रस्ट भाषेच्या कार्गो या टूलने आणि पायटेस्टने सारखाच उपाय केला आहे. टेस्ट चालताना प्रोग्रामने जे काही छापलं ते धरून ठेवायचं. टेस्ट पास झाली तर ते फेकून द्यायचं, फेल झाली तर त्या टेस्टच्या नावाखाली जसंच्या तसं दाखवायचं. नवीन टूल निवडताना मी आधी एवढंच तपासून बघेन. बाकीची सजावट नंतर बदलता येते.

रंगांबद्दल थोडक्यात. लाल-हिरवा हा भेद युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना नीट दिसत नाही, आपल्याकडेही असे लोक आहेतच. तेव्हा रंगाबरोबर शब्द किंवा खूण हवी. शिवाय रंग म्हणजे शेवटी मजकुरात घुसवलेली अदृश्य अक्षरं. आउटपुट फाइलमध्ये वळवलं की ती चौकोनी कंस आणि आकडे होऊन मजकूरभर सांडतात. चांगली टूलं समोर टर्मिनल आहे की फाइल ते ओळखून रंग बंद करतात. 'नो कलर' नावाचा एक संकेतही २०१७ पासून रूढ आहे. त्या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये ठेवलेलं, प्रोग्रामला वाचता येणारं सेटिंग) दिसला की टूलने मजकूर साधा छापायचा.

ओके, नॉट ओके

माणूस आणि यंत्र दोघांना एकाच फॉरमॅटमध्ये वाचता यावं, असा एक जुना प्रयत्न आहे. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल भाषेची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा तिच्या टेस्ट अगदी साध्या ओळी छापत. पुढे त्या पद्धतीला 'टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल', म्हणजे टॅप, असं नाव मिळालं. रकमेत लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकणाऱ्या एका काल्पनिक प्रोग्रामच्या टेस्ट टॅपमध्ये अशा दिसतील (प्रत्यक्षात हे रोमन लिपीत छापलं जातं, इथे देवनागरीत उतरवलं आहे):

१..३
ओके १ - लाखाच्या आतली रक्कम
नॉट ओके २ - लाखावरची रक्कम
ओके ३ - ऋण रक्कम # स्किप अजून लिहिलेलं नाही

एवढंच. हे वाचायला कुठलं टूल लागत नाही, आणि ओळीच्या सुरुवातीचा शब्द बघून मोजणी करणारा प्रोग्राम कुणीही अर्ध्या तासात लिहील. वरची '१..३' ही ओळ सगळ्यात हुशार आहे. ती सांगते की एकूण तीन निकाल येणार आहेत. दुसऱ्या टेस्टनंतर प्रोग्राम कोसळला आणि तिसरी ओळ आलीच नाही, तर वाचणाऱ्या यंत्रणेला कळतं की काहीतरी राहिलं. नुसते 'ओके' मोजणाऱ्या पद्धतीत असा अपघात यश म्हणून खपून जातो. 'टूडू' अशीही एक खूण टॅपमध्ये आहे. जे अजून व्हायचं आहे हे माहीत आहे, त्याचा 'नॉट ओके' अपयशात धरला जात नाही.

कमतरता आहे ती फेल झालेल्या टेस्टच्या तपशिलात. टॅपमध्ये तो सुरुवातीला नुसत्या टिपणीच्या ओळींत यायचा, आणि यंत्राच्या दृष्टीने त्या ओळींना अर्थ नव्हता. त्यात पर्लचं प्रसिद्ध टेस्ट मॉड्यूल या टिपण्या एररच्या वेगळ्या प्रवाहात पाठवतं, त्यामुळे दोन्ही प्रवाह वेगवेगळे साठवले की कोणती टिपणी कुठल्या टेस्टची ते जुळवत बसावं लागतं. १३ व्या आवृत्तीत तपशिलासाठी यॅमलचा (माहिती 'नाव: किंमत' अशा ओळींत लिहायच्या पद्धतीचा) ठोकळा आला. त्यातून ही अडचण सुटली खरी, पण टॅपचा साधेपणा थोडा गेला.

या फॉरमॅटच्या बाबतीत दोन मोठे प्रकल्प अलीकडच्या काळात अगदी उलट दिशांना गेले. पोस्टग्रेस या डेटाबेसचं रिग्रेशन टेस्ट (आधी चालणारं काही मोडलं नाही ना हे बघणाऱ्या टेस्ट) चालवणारं टूल वर्षानुवर्षं स्वतःच्या घरगुती पद्धतीने निकाल छापत होतं. टेस्टचं नाव, पुढे ठिपक्यांची रांग, पुढे 'ओके' आणि मिलिसेकंद. २०२३ च्या १६ व्या आवृत्तीपासून ते टॅप छापतं. माणसाला फरक जवळपास जाणवत नाही. नाव आणि वेळ तसेच आहेत, एकत्र चाललेल्या टेस्टसमोर टॅपच्या नेहमीच्या उणे चिन्हाऐवजी अधिक चिन्ह येतं, इतकंच. पण आता टॅप जाणणारं कुठलंही टूल तो निकाल वाचू शकतं. फेल झालेल्याचा खरा तपशील आधीही वेगळ्या फाइलमध्ये जायचा, आताही जातो. अपेक्षित आउटपुट आणि मिळालेलं आउटपुट यांतला ओळवार फरक तिथे असतो. म्हणून टॅपची उणीव पोस्टग्रेसला टोचलीच नाही.

जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या नोड जेएसने २०२२ मध्ये १८ व्या आवृत्तीत स्वतःचा टेस्ट रनर, म्हणजे टेस्ट चालवणारं टूल, आणला आणि त्याचं आउटपुट टॅप ठेवलं. जावास्क्रिप्टवाल्यांना मोकाच्या सुबक यादीची सवय होती. २० व्या आवृत्तीत टर्मिनलवर 'स्पेक' म्हणजे वाक्यांची पद्धत आणि टर्मिनल नसेल तिथे टॅप अशी विभागणी होती. २३ व्या आवृत्तीत दोन्हीकडे स्पेक झालं, टॅप मागाल तर मिळेल. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. पोस्टग्रेसकडे तपशिलाला वेगळी जागा होती, म्हणून निकालाची ओळ कोरडी चालली. नोडमध्ये तपशील त्याच प्रवाहात यायचा, आणि आत सरकवलेल्या यॅमलमधून स्टॅक ट्रेस (चूक कोणकोणत्या फंक्शनमधून आली त्याची यादी) वाचणं हा काही सुखाचा अनुभव नाही.

कुणी न ठरवलेलं प्रमाण

तरीही आज सीआयची बोलीभाषा टॅप नाही. ती आहे जेयुनिट एक्सएमएल (एक्सएमएल म्हणजे नाव दिलेल्या खुणांमध्ये माहिती बसवायची पद्धत). जेयुनिट हे जावाचं टेस्टचं साधन केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये एका विमानप्रवासात लिहायला घेतलं. गंमत अशी की हा एक्सएमएल फॉरमॅट त्यांनी आखला नाही. जावाचे प्रकल्प बांधणाऱ्या अपाची अँट या टूलने जेयुनिटचे निकाल साठवायला तो तयार केला, मुख्यतः त्यातून एचटीएमएल रिपोर्ट बनवता यावा म्हणून. पुढे जेनकिन्स (२०११ पर्यंत त्याचं नाव हडसन होतं) तो वाचू लागलं. जेनकिन्सला निकाल दाखवायचा म्हणून इतर भाषांची टूलं तोच फॉरमॅट लिहू लागली. आज पायथॉनची टेस्टही स्वतःला जेयुनिट म्हणवून घेणारी फाइल लिहिते आणि त्यात 'क्लासनेम' नावाचा रकाना इमानदारीने भरते.

त्यात काय असतं? सर्वांत बाहेर टेस्टचे गट, प्रत्येक गटात टेस्ट, प्रत्येक टेस्टला नाव आणि लागलेले सेकंद. फेल झाली असेल तर आत 'फेल्युअर' किंवा 'एरर'. या दोहोंतला भेद कामाचा आहे. फेल्युअर म्हणजे उत्तर आलं पण चुकीचं आलं. एरर म्हणजे उत्तरापर्यंत पोचण्याआधीच काहीतरी कोसळलं, डेटाबेस चालू नव्हता, फाइल सापडली नाही. सकाळी दोनशे एरर एकदम दिसल्या तर दोनशे बग शोधायला बसायचं नसतं. आधी सर्व्हर चालू आहे का ते बघायचं असतं.

या फॉरमॅटचा अधिकृत आराखडा कुणीच ठरवलेला नसल्याने प्रत्येक टूलची तऱ्हा वेगळी आहे. कुणी फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक देतं, कुणी देत नाही. खुद्द पायटेस्टमध्ये याच्या दोन पोटजाती आहेत. २०२० च्या ६.० आवृत्तीपासून मूळ सेटिंग दुसऱ्या पोटजातीचं झालं आणि त्यात फाइल-ओळीचे रकाने गळले. त्यांवर विसंबलेल्यांना सेटिंग हाताने मागे न्यावं लागलं.

आणखी दोन खाचखळगे. एक्सएमएल १.० मध्ये काही नियंत्रक अक्षरं चालतच नाहीत, आणि रंगांसाठी वापरलं जाणारं 'एस्केप' त्यातलंच आहे. टूलने ते गाळलं नाही तर रंगीत एरर मेसेजमुळे अख्खी फाइल अवैध ठरते. म्हणजे एका लाल शब्दापायी हजार निकाल जातात. दुसरं असं की ही फाइल सहसा सगळ्या टेस्ट संपल्यावर एकदम लिहिली जाते. प्रोग्राम मध्येच मेला, मेमरी संपली, वेळेची मर्यादा संपून सीआयने त्याला मारलं, तर फाइलच नसते. सगळ्यात जास्त माहिती हवी असते तेव्हा हातात शून्य.

गो भाषेने हे ओळखून वेगळा रस्ता धरला. २०१८ च्या १.१० आवृत्तीपासून 'गो टेस्ट'ला जेसन (यंत्रांना वाचायला सोपा असा माहितीचा एक फॉरमॅट) मागता येतं, आणि ते एक मोठं जेसन नसून ओळीमागे एक घटना असते. टेस्ट सुरू झाली, तिने अमुक छापलं, ती पास झाली. मध्ये काही कोसळलं तरी तोवरच्या ओळी शाबूत राहतात. समांतर चालणाऱ्या टेस्टची छापील बडबड एकमेकींत मिसळते हा नेहमीचा वैताग. इथे प्रत्येक ओळीवर टेस्टचं नाव असल्याने ती वेगळी करता येते. माणसाने मात्र हे थेट वाचायला जाऊ नये.

इतका कोरडा फॉरमॅट असूनही जेयुनिट एक्सएमएल टिकून आहे ते त्यातून इतिहास उभा राहतो म्हणून. जेनकिन्स फेल झालेल्या टेस्टसमोर तिचं 'वय' दाखवतं, म्हणजे सलग किती बिल्डपासून ती फेल आहे. वय एक असेल तर तुमच्या बदलाकडे बघा. वय चाळीस असेल तर तो प्रश्न तुमचा नाही. पण हे चालतं टेस्टच्या नावावर. नावात आजची तारीख किंवा यादृच्छिक आकडा घातला की यंत्रणेच्या लेखी ती रोज नवी टेस्ट असते आणि तिचं वय कधीच वाढत नाही.

फॉरमॅट बदलून न सुटणारी गोष्ट

लाखावरच्या रकमेची टेस्ट फेल झाली, हे टिंबांनी सांगा, टॅपने सांगा की एक्सएमएलने, त्यातला संदेश जर 'अपेक्षित सत्य, मिळालं असत्य' एवढाच असेल तर वाचणाऱ्याला काही मिळत नाही. जावात दोन मजकूर समान आहेत का ते आधी तपासून नुसतं हो-नाही टेस्टला दिलं की असा संदेश येतो. दोन्ही मजकूर टेस्टच्या तुलना करणाऱ्या फंक्शनकडे दिले तर हे दिसतं:

अपेक्षित: १२,३४,५६७
मिळालं: १,२३४,५६७

आता कोड न बघताही कळतं. स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने पडले आहेत, कुणीतरी भाषा-प्रदेशाचं सेटिंग हलवलं. रक्त तपासणीच्या रिपोर्टमध्ये मिळालेल्या आकड्याशेजारी सामान्य पल्ला छापलेला असतो आणि पल्ल्याबाहेरचा आकडा ठळक असतो, तशी ही मांडणी आहे. पायटेस्ट इथे आणखी मदत करतं. साधं 'असर्ट' ('हे खरं असायला हवं' असं सांगणारी ओळ) लिहिलं तरी ते पडद्यामागे त्याची फोड करतं आणि प्रत्येक भागाची किंमत छापतं. जेयुनिटमध्ये क्रम सांभाळावा लागतो. आधी अपेक्षित, मग मिळालेलं. उलट लिहिलं तरी टेस्ट बरोबर चालते, फक्त फेल होईल त्या दिवशी नेमकं उलटं सांगते.

मराठी मजकुराच्या टेस्टमध्ये यापुढची एक जागा आहे. समजा टेस्ट म्हणते:

अपेक्षित: किनाऱ्यावर
मिळालं: किनार्‍यावर

डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी हे दोन एक होत नाहीत. मराठी शोध, याद्या लावणं, नावं जुळवणं असली कामं करणाऱ्या प्रोग्रामला हा प्रश्न आज ना उद्या भेटतोच. तेव्हा निकालाने अक्षरांबरोबर त्यांचे सांकेतिक क्रमांकही दाखवायला हवेत, नाहीतर माणूस त्या दोन ओळींकडे टक लावून बसतो.

उलट बाजूचाही त्रास आहे. एकच टेस्ट अनेक शब्दांवर चालवली की पायटेस्ट प्रत्येकीच्या नावात तो शब्द जोडतं, पण देवनागरी शब्द जसाच्या तसा न छापता त्याचे संकेत छापतं. 'पुणे' म्हणून दिलेली टेस्ट यादीत चार सांकेतिक आकड्यांची मालगाडी होऊन येते. हे बंद करायचं सेटिंग आहे आणि त्याचं नाव खरोखर असं आहे: 'डिसेबल टेस्ट आयडी एस्केपिंग अँड फॉरफीट ऑल राइट्स टू कम्युनिटी सपोर्ट'. म्हणजे हे चालू केलंत की आमच्याकडे मदत मागायचा हक्क गेला. नावातला इशारा खरा आहे, काही ठिकाणी अशा नावांनी अडचण येऊ शकते. मी तरी टेस्टच्या नावासाठी वेगळं साधं लेबल देणं पसंत करेन आणि मराठी शब्द फेल झाल्यावरच्या तपशिलात नीट दिसेल याची काळजी घेईन. पायथॉनची जेसन लिहिण्याची मूळ पद्धतही देवनागरीचे असेच संकेत करते. तिथे ते एका पर्यायाने बंद होतं आणि त्याचा काही तोटा नाही.

मराठीचा विषय निघाला आहे तर हेही. क्युकंबर या टूलमध्ये टेस्ट जवळपास साध्या वाक्यांत लिहितात आणि त्यासाठीची गर्किन ही भाषा मराठी कळशब्दही (कीवर्ड) ओळखते. 'जेव्हा', 'मग', 'आणि' असे शब्द वापरून टेस्ट लिहिता येते आणि निकालातही तीच वाक्यं उमटतात. टेस्ट वाचणारे बँकेतले किंवा कार्यालयातले लोक असतील तर याचा उपयोग आहे. फक्त प्रोग्रामरच वाचणार असतील तर तो एक जादा थर आहे.

मग निवडायचं काय

बहुतेक टूलांना एकाच वेळी दोन आउटपुट देता येतात. पायटेस्टमध्ये टर्मिनलवरचं नेहमीचं चालू ठेवून शेजारी एक्सएमएल फाइल लिहिता येते, आरस्पेकमध्ये हवे तितके फॉरमॅट जोडता येतात, गोसाठी 'गोटेस्टसम' हे टूल जेसन वाचून माणसाला सुबक सारांश आणि सीआयला जेयुनिट फाइल देतं. त्यामुळे एकाच फॉरमॅटवरून टीममध्ये वाद घालायची गरजच नसते. टर्मिनलवर टिंबं आणि शेवटी फेल झालेल्यांची यादी, शेजारी जेयुनिट एक्सएमएल. लहान-मध्यम टीमला एवढं पुरतं. टाळायची गोष्ट एकच: माणसासाठी छापलेल्या मजकुरातून शब्द शोधून निकाल काढणारी स्क्रिप्ट. टूलच्या पुढच्या आवृत्तीत एक स्वल्पविराम हलला की ती मोडते, आणि बरेचदा हिरवी राहूनच मोडते.

एचटीएमएल रिपोर्ट कुणीतरी खरोखर उघडणार असेल तरच बनवा. रोबोट फ्रेमवर्क या टेस्टच्या टूलचा लॉग पायरीपायरीने उघडून बघता येतो आणि मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्या लोकांना तो आवडतो, हे मान्य. वेबसाइटच्या स्क्रीनवर चालणाऱ्या टेस्टमध्ये तर शब्दांपेक्षा फेल झाल्या क्षणाचा स्क्रीनशॉट जास्त सांगतो. बटणावर कुकीची पट्टी आली होती हे स्टॅक ट्रेस कधीच सांगणार नाही. गिटहबवर असाल तर ठरावीक नमुन्याची एक ओळ छापून चूक थेट कोडच्या त्या ओळीवर चिकटवता येते. रिव्ह्यू करणाऱ्याला लॉग उघडावाच लागत नाही.

हल्ली एक चौथा वाचकही आला आहे, कोड लिहून देणारे एआय एजंट. ते टेस्ट चालवतात, आउटपुट वाचतात आणि पुढचा बदल ठरवतात. वाचलेल्या प्रत्येक शब्दाची त्यांना किंमत पडते आणि हजार 'पास' ओळींनी त्यांचंही लक्ष पातळ होतं. पासबद्दल गप्प राहा, फेलबद्दल पूर्ण बोला, असं जे माणसांसाठी करायला हवं होतं तेच त्यांच्यासाठीही करावं लागतं. त्या निमित्ताने काही टीमनी बडबड कमी केली, तर चांगलंच.

निवड बरोबर झाली का हे तपासायला एक टेस्ट मुद्दाम मोडा. प्रोग्राममध्ये एक आकडा बदला, सीआयवर पाठवा आणि तो भाग कधीही न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त निकालाची लिंक द्या. कोड उघडू नको म्हणावं. कोणती टेस्ट, काय अपेक्षित होतं, काय मिळालं आणि कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर, हे त्याने स्क्रोल न करता सांगितलं तर फॉरमॅट ठीक आहे. मग दुसरी फेरी: टेस्ट चालू असताना प्रोसेस मारून टाका, आणि तेव्हा निकाल हिरवा येत नाही ना, ते बघा.